चार चाकं, चार खड्डे

ज्यांच्या घरात आम्ही नागपुरात अकरा वर्षं भाड्यानं राहिलो, ते आमचे घरमालक काका मोटार पायांनी तपासायचे. म्हणजे लाथ मारून नव्हे. तसं तर सगळेच करतात. टायरला एक लाथ घालतात आणि शहाण्यासारखं तोंड करतात. काका मागच्या सीटवर मधोमध बसायचे, चपला काढून मांडीवर घ्यायचे, दोन्ही तळपाय गाडीच्या तळाला चिकटवायचे आणि डोळे मिटून म्हणायचे, "चालवा." पाच-सात मिनिटांनी डोळे उघडायचे. तेवढ्यात त्यांना गाडीचं जे कळलेलं असे, ते तिच्या मालकाला पाच-सात वर्षांत कळलेलं नसे.

आता ते चंद्रपूरला मुलीकडे असतात. फोनवर त्यांना काहीच ऐकू येत नाही. मुलीमार्फत निरोप पाठवला की तिकडून एकच उत्तर येतं, "मास्तरले म्हणा, या." जाणं काही होत नाही, म्हणून आठवतं तसं लिहून काढतो आहे. क्रमानं आठवत नाही. त्यांचं तरी काय क्रमानं होतं?

ते उमरेडकडच्या एका कोळसा खाणीत डंपर दुरुस्त करायचे. तिथं फोरमन होऊन निवृत्त झाले, आणि आमच्या गल्लीत त्यांना सगळे फोरमनच म्हणत. ज्या डंपरच्या टायरशेजारी माणूस उभा राहिला तर टायर उंच दिसतो, त्या डंपरच्या गोंगाटात तीस वर्षं गेली. डावा कान पूर्ण गेला, उजवा सोयीपुरता उरला. "कान खाणीले दिले, पाय घरी आणले," असं ते अभिमानानं सांगत. आवाज ऐकून बिघाड ओळखायची सोयच नव्हती, म्हणून हा माणूस बूट काढून डंपरच्या पत्र्यावर अनवाणी उभा राहायचा. खाणीत अनवाणी उभं राहणं म्हणजे नियमभंग. त्यासाठी साहेबांनी त्यांना दोनदा मेमो दिला होता. लोक बैठकीत मुलांची प्रशस्तिपत्रं लावतात; काकांनी ते दोन मेमो काचेच्या चौकटीत लावले होते. पाहुणा आला की "जयभीम, बसा" म्हणत आणि त्याला मेमोच्या बरोबर समोर बसवत.

घर भाड्यानं देताना त्यांची अट एकच होती. जिना चढताना चपला-बूट खाली काढायचे. माझ्या बायकोला वाटलं, वर पूर्वी देवघर-बिवघर असेल. आम्ही मुकाट्यानं पाळत होतो. सहा महिन्यांनी कारण कळलं. काका दुपारी पलंगावर उताणे पडून तळपाय भिंतीला टेकवून ठेवत आणि अख्खं घर ऐकत. आमच्या टाचांची धडधड त्यांच्या ऐकण्याच्या मध्ये यायची. एकदा असेच वर आले. दार उघडंच होतं. बायकोला म्हणाले, "का वं सूनबाई, तुमचा फ्रीज तीन पायांवर उभा हाय. चौथा हवेत हाय." पाहतो तर खरंच. त्यांनी खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढला, घडी घातली, फ्रीजखाली सरकवली आणि खाली गेले. पुठ्ठा बरोबर जाडीचा खालूनच आणला होता.

मी अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो. घर्षण हा माझा हातखंडा धडा. तो शिकवताना मुलं वहीतून मान वर काढून बघतात, असा माझा समज आहे. त्यामुळे काकांचं आणि माझं कधीच पटलं नाही, आणि म्हणूनच रोज संध्याकाळी ओट्यावर आमची बैठक व्हायची. मी काही सांगू लागलो की ते उजवा कान पुढे करत, पूर्ण ऐकत आणि म्हणत, "मास्तर, तुमचं पुस्तक कोरड्या रोडावर छापलं हाय."

लोक त्यांच्याकडे जुन्या गाड्या दाखवायला येत. पैसे ते घेत नसत, पण एक पथ्य होतं. गाडीतला दोष घेणाऱ्याला कानात सांगायचा नाही, विकणाऱ्याच्या तोंडावर सांगायचा. त्यामुळे व्यवहार करणारे दलाल त्यांना पाहून रस्ता बदलत. धंतोलीतले एक डॉक्टर एकदा नवी मोठी गाडी घेऊन आले. या डॉक्टरांना दोष ऐकायचाच नव्हता, कौतुक ऐकायचं होतं. "काका, हिच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर आहे." काका मागे बसले, चक्कर मारून आले, उतरले.

"गाडी चांगली हाय. बर्फ कुठं पडते?"

डॉक्टर हसले. म्हणाले, "बर्फ कशाला, पावसात तरी घसरायला नको."

"धंतोलीत गाडी घसरायले जागा तरी हाय का?"

धंतोलीत ज्यांनी कुणी पेशंट घेऊन दवाखान्यासमोर गाडी लावायचा प्रयत्न केला असेल त्यांना यावर जास्त सांगायला नको. डॉक्टरही मनमोकळे होते, हसत गेले. मी मात्र त्या दिवशी हसलो आणि पुढे वर्षभरात स्वतःच त्या डॉक्टरांच्या जागी जाऊन उभा राहिलो.

झालं असं. माझी आई नरखेड तालुक्यात आमच्या गावी राहते, गावाबाहेर संत्र्याच्या बागेतल्या घरात. दोन वर्षांपूर्वी ती ओसरीच्या पायरीवरून बसल्यासारखी पडली आणि तिच्या मणक्याचं एक हाड दबलं. हाडं आतून भुसभुशीत झाली होती. धंतोलीतल्याच दुसऱ्या एका, हाडांच्या डॉक्टरांनी दर महिन्याला एक इंजेक्शन आणि तपासणी सांगितली, आणि बजावलं, मध्ये खंड पडू देऊ नका. आणखी एखादं हाड दबलं तर पायांची शक्ती जाईल. नागपुरात राहायला ती तयार नव्हती. आमचा जिना तिला चढवत नव्हता, आणि काकांनी खालची खोली देऊ केली तेव्हा म्हणाली, "दुसऱ्याच्या घरात मी कोणावर ओरडू?" ओरडायला तिला स्वतःची बाग लागते.

पहिले तीन महिने मी माझ्या छोट्या गाडीनं तिला नेलं-आणलं. डांबरी रस्त्यावर कसंबसं निभायचं. पण बागेतल्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत एक किलोमीटरची पांदण आहे, म्हणजे शेतांच्या मधून जाणारी बैलगाडीची वाट. काळी माती. पावसाळ्यात तिथं चिखल होतो आणि गाडी रुतते. उन्हाळ्यात तोच चिखल चाकोऱ्यांसकट वाळून दगड होतो आणि गाडी आदळते. आई मागच्या सीटवर पदराचं टोक दातांत धरून बसायची. पांदणीत तोंडातून आवाज काढायचा नाही, असं तिनं ठरवलेलं होतं. मला आरशात तिचा जबडा दिसायचा. एवढं बघूनही मी गाडी चालवत राहायचो, कारण थांबलो तरी पांदण संपणार नव्हती.

चौथ्या महिन्यात गाडी मध्येच रुतली. मला ढकलायला उतरावं लागलं, गाडी हिसका देऊन निघाली आणि आईच्या तोंडातून पदर सुटला. ती ओरडली. पुढच्या महिन्यात तिनं सांगितलं, "मी येत नाही." मी म्हटलं, खाटेवर बसवून चार जणांकरवी डांबरीपर्यंत आणतो. ती म्हणाली, "चार जणांनी उचलाची पाळी एकदाच येते बाबू. ते आजच काहून आणतं?"

त्या महिन्याचं इंजेक्शन हुकलं. डॉक्टर फोनवर फार बोलले नाहीत. एकदा हुकलं ते ठीक, दुसऱ्यांदा नको, एवढंच म्हणाले. त्यांचा तो शांत आवाज ऐकून मला भीती वाटली. आई कायमची अंथरुणाला खिळणार आणि त्याला कारण एक किलोमीटर रस्ता असणार, हा विचार मी वर्गात फळ्यावर लिहिताना, जेवताना, अंघोळ करताना करत होतो.

मग मी माझ्या पद्धतीनं उत्तर काढलं. मोठ्या कंपन्यांच्या आलिशान सेडान गाड्या दहा वर्षं जुन्या झाल्या की नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळतात. मऊ सस्पेन्शन, मागे पाय पसरून टेकता येईल अशी सीट. आईसाठी तेच हवं होतं. जुन्या गाड्या विकणाऱ्या एका आवारात एकाच बनावटीच्या दोन गाड्या मिळाल्या. पांढरी ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना; निळी रिअर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे जोर फक्त मागच्या दोन चाकांना. माझं मन पांढरीवर बसलं. पांदणीतला चिखल आणि चार चाकांची पकड, यात विचार करण्यासारखं होतं काय? संध्याकाळी ओट्यावर मी काकांना खडूनं फरशीवर आकृती काढून समजावलं. जोर दोन चाकांत वाटला तर प्रत्येकावर ओढ जास्त येते आणि चाक जागेवर फिरतं. चारांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला निम्मा, म्हणून पकड सुटत नाही.

काकांनी आकृती नीट पाहिली. म्हणाले, "बराबर हाय. पण चिखलात मागची दोन चाकं फिरली तं दोन खड्डे होते. चार फिरली तं चार होते. दोन खड्ड्यातून मानूस निंगते. चारातून निंगाले बैल बोलवा लागते."

"काका, हे काही शास्त्र नाही."

"नाही गा. हा चिखल हाय."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना आवारात घेऊन गेलो. काका पांढऱ्या गाडीत मागे मधोमध बसले. मधून मोठा उंचवटा होता, खालून दांडा जातो त्याचा. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक तळपाय टेकवून त्यांनी डोळे मिटले. आवाराचा दलाल गोड माणूस होता. "काका, चप्पल घालून बसा, मॅट नवीन आहे, घरचीच गाडी समजा," म्हणत होता. काकांनी स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवायला सांगितलं. एक फेरी झाली. दुसरी अर्धी झाली आणि ते म्हणाले, "थांबवा." उतरले, चारही टायरांवरून अंगठा फिरवला आणि पथ्याप्रमाणे दलालाच्या तोंडावर सांगितलं, "पुढचे दोन टायर नवे, मागचे झिजलेले. ही गाडी आपल्या आपल्यातच भांडून राहिली."

मला आठवलं आणि लाज वाटली, कारण हे मला कळायला हवं होतं. चारही चाकं आतून एकमेकांना बांधलेली. नवा टायर किंचित मोठा, त्याचे फेरे कमी. जुना किंचित लहान, त्याचे फेरे जास्त. त्या फरकाची ओढाताण पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या मधल्या पेटीत होते आणि पेटी आतल्या आत झिजते. दलाल म्हणाला, "चारही टायर नवे टाकून देतो ना काका." काका म्हणाले, "टायर टाकान. पेटीत जे झिजलं ते कोण भरन?"

निळ्या गाडीत बसल्यावर काका पाचव्या मिनिटाला घोरू लागले. हे त्यांचं सर्वांत मोठं प्रमाणपत्र. उठल्यावर म्हणाले, "पुढची चाकं वळाले, मागची ढकलाले. एकाले एकच काम. हे घ्या."

मी ऐकलं नाही. ही पांढरी नको तर दुसरी पांढरी शोधू, पण चार चाकांचीच घेईन, कारण तुम्ही पांदण पाहिलेली नाही, असं मी जरा चढ्या आवाजात म्हणालो. उजव्या कानापर्यंत पोचायला आवाज चढवावाच लागायचा, त्यामुळे राग लपून जायचा, ही एक सोय होती.

"मंग दाखवा," काका म्हणाले.

पोळा होऊन चार दिवस झाले होते. पाऊस नुकताच उघडला होता. छोटी गाडी डांबरीवर लावून आम्ही उतरलो. काकांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला काठीला अडकवून काठी खांद्यावर टाकली आणि सत्तरी ओलांडलेला तो माणूस पांदणीत चालू लागला. मी मागे, हातात बूट धरून. ते मध्येच थांबायचे, पायानं दाबून पाहायचे, दोन पावलं मागे यायचे. एके ठिकाणी वाकून चाकोरीत हात घातला आणि वीत मोजली. मग मला विचारलं, "त्या गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच हाय?"

मला माहीत नव्हतं. टॉर्क माहीत होता, गिअर माहीत होते, हे नव्हतं.

"मी मोजून ठेवलं. एक वीत बी भरत नाही. चाकोरी सव्वा वीत हाय. तुमची गाडी इथं पोटावर बसन. पोटावर बसल्यावर चार चाकं हवेत फिरवा का दोन."

घर्षणाचा धडा वीस वर्षं शिकवणारा माणूस चाकांचा विचार करत बसला आणि चाकं जमिनीला टेकणार आहेत का, एवढं पाहायचं राहून गेलं.

काका पुढे गेले. सगळ्यांत वाईट तुकडा आला, जिथं आईच्या तोंडातून पदर सुटला होता. तिथं माझ्या चुलतभावाची बाग लागते. त्याच्या धुऱ्याकडून, म्हणजे शेताच्या बांधाकडून, पाणी पांदणीत उतरतं आणि तिथंच मुरतं. काका म्हणाले, "इथं नाली काढा, मुरूम टाका, दाबा. एक किलोमीटरचं काम. आतापर्यंत काहून नाही केलं?"

"चुलतभाऊ करू देणार नाही."

"विचारलं का?"

"नाही."

"मंग कसं कळलं?"

मी सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी त्याच्यावर धुऱ्याचा दगड सरकवल्याचा आरोप केला होता. तेव्हापासून बोलणं बंद. वडील गेले तेव्हा तो तेरवीला आला, पंगतीत वाढायलाही उभा राहिला, पण मी त्याच्याशी बोललो नाही. तोही बोलला नाही. आई मात्र त्याच्या बायकोशी धुऱ्यावरून रोज बोलते आणि ते मला माहीत नाही असं दोघी धरून चालतात.

काकांनी सगळं ऐकलं. चिखलातून पाय उपसला, दुसरा टाकला. म्हणाले, "मास्तर, खाणीत आमच्याजवळ मोठेमोठे डंपर होते. टायर फाटले का नवा साहेब म्हणे, मजबूत टायर आणा. जुना साहेब म्हणे, रोड सारखा करा. आमी डंपर कमी अन् रोडच जास्त दुरुस्त केला." मग थांबून माझ्याकडे पाहिलं. "तुमाले चार चाकं चिखलासाठी नाही पाहिजे. भावाशी बोला लागू नये म्हणून पाहिजे."

मला इतका राग आला की काय बोललो तेही धड आठवत नाही. तुम्ही गाडीचं बोला, आमच्या घरातलं बोलू नका, असं काहीतरी म्हणालो. ते त्यांना ऐकू आलं की नाही, हेही कळलं नाही. परत येताना ते तळपाय टेकवून मागे बसले होते. काटोलजवळ एकदाच बोलले, "डावीकडचं पुढचं बेअरिंग चाललं तुमचं." खरं होतं. त्यामुळे तर राग आणखी वाढला.

त्यानंतर आठ दिवस मी ओट्यावर गेलो नाही. एवढंच नाही, जिना मुद्दाम बूट घालून चढलो. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, दोन मुलांचा बाप, आणि पायरीपायरीवर टाच आपटत चढतो आहे. बायको म्हणाली, "शोभतं का तुम्हाला?" मी म्हटलं, "भाडं देतो." काकांनी एका शब्दानं हटकलं नाही. आठव्या दिवशी बायको खाली वाटीभर भाजी द्यायला गेली आणि वर येऊन म्हणाली, "काका विचारत होते. म्हणाले, मास्तरचा उजवा पाय जड पडून राहिला. झोप नाही वाटते त्याले."

झोप नव्हतीच. पुढच्या इंजेक्शनची तारीख दहा दिवसांवर आली होती आणि आई फोनवर नाहीच म्हणत होती. मी बूट काढून जिना उतरलो. काका ओट्यावर बसले होते. मी शेजारी बसलो. त्या रविवारी मी एकटाच गावी गेलो.

चुलतभाऊ त्याच्या बागेत झाडाखाली गळून पडलेली संत्री टोपलीत गोळा करत होता. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा आहे. लहानपणी मला सायकलवर त्यानंच बसवलं होतं. मला पाहून तो उभा राहिला, पण टोपली हातातून सोडली नाही. मी गाडीत पाठ केलेलं सगळं विसरलो.

"दादा, पांदणीत मुरूम टाकायचा आहे. आईला दवाखान्यात न्यावं लागतं."

"मंग टाक ना. पांदण काय माया एकट्याची हाय?"

एवढंच? मी चिडून विचारलं, "मग इतकी वर्षं तू का नाही टाकला?"

"तू काहून नाही टाकला?" तो म्हणाला. मग टोपली खाली ठेवली. "माया संत्र्याचा पिकअप दरसाली इथंच फसते. टॅक्टरनं ओढा लागते. काकू दारातून पाह्यते. मले वाटे, मुरूम टाकला तं तू म्हणशीन, दगड सरकवला अन् आता रस्ता बी दाबते."

म्हणजे दोघंही एकाच चिखलात, एकमेकांच्या भीतीनं. मला हसू आलं आणि रडूही. मी त्याच्या टोपलीत दोन संत्री उचलून टाकली, कारण हाताला दुसरं काही सुचेना. त्यानं अट घातली की नालीचं पाणी त्याच्या झाडांत शिरता कामा नये. मी म्हटलं, खालून पाइप टाकू. दगडाचा विषय त्या दिवशी निघाला नाही. तो अजूनही निघालेला नाही. पण परत येताना मी गाडीत मोठ्यानं गाणं म्हणत होतो, आणि मला गाता येत नाही.

मुरूम पडायला लागला तेव्हा काका दोन दिवस आमच्या गावी येऊन राहिले. पांदण मध्ये उंच, दोन्हीकडे उतरती, कासवाच्या पाठीसारखी करून घेतली. चुलतभावानं ट्रॅक्टर आणला. काका दाबलेल्या मुरमावर अनवाणी चालायचे आणि थांबून म्हणायचे, "इथं पोकळ हाय." पहिल्या दिवशी गावातले लोक हसले. एका ठिकाणी उकरून पाहिलं तर खाली खरंच उंदरांचं बीळ निघालं. दुसऱ्या दिवशी कुणी हसलं नाही. उलट एकानं आपल्या विहिरीवरचा पंप ऐकायला त्यांना ओढत नेलं. आई दारातून सगळं पाहत होती. काकांना म्हणाली, "तुमच्या पायाले काटे नाही रुतत का जी?" काका म्हणाले, "रुतते ना. कळते तं मंग."

निळी गाडी मी घेतली. मागच्या दोन चाकांची.

इंजेक्शनच्या दिवशी सकाळी आईला घ्यायला गेलो. काका सोबत होते, पुढच्या सीटवर, चपला मांडीवर, डोळे मिटलेले. आईला मागे टेकवून बसवलं, पाठीशी दोन उशा लावल्या. येते म्हणाली होती, पण चेहरा तोच होता. गाडी सुरू करायच्या आधीच तिनं डोळे घट्ट मिटले आणि पदराचं टोक दातांत धरलं. रस्ता झाला होता, गाडी चांगली होती, काकांनी पायांनी तपासली होती. पण हे सगळं तिच्या पाठीला पटायला हवं होतं. आता एकदा ती ओरडली असती तर पुन्हा कधी गाडीत बसली नसती, हे मला माहीत होतं.

मी हळू निघालो. मुरूम टायरांखाली करकरत होता. चुलतभाऊ त्याच्या धुऱ्यावर उभा होता; त्यानं हात वर केला नाही, नुसतं पाहिलं. तो तुकडा आला. तो तुकडा गेला. काकांनी डोळे उघडले नाहीत. मुरमाची करकर थांबली, चाकं डांबरीवर चढली, मी वेग थोडा वाढवला, आणखी दोन-तीन किलोमीटर गेलो. आरशात पाहतो तर आई तशीच, डोळे मिटलेले, जबडा आवळलेला.

पदर दातांत ठेवूनच तिनं विचारलं, "पांदण कवा लागन रे?"

"लागून गेली आई. केव्हाची. आपण डांबरीवर आहोत."

तिनं डोळे उघडले. खिडकीतून बाहेर पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. पदराचं ओलं टोक तोंडातून काढून मांडीवर पसरलं आणि हातानं सरळ केलं.

"मंग सांगाव नाही का?" ती रागावून म्हणाली. "माये दात दुखून राहिले ना."

धंतोलीला पोचेपर्यंत तिचं दुखलं ते एवढंच.